वाचलेलं जातं कुठं? वॉल्टर किंट्श यांच्या कामाबद्दल

ओळींमधली_जागा

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. काही वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत तुटपुंज्या मानधनावर मदतनीस होतो. लोकांना एक उतारा वाचायला द्यायचा, थोड्या वेळानं काढून घ्यायचा, "आठवेल तेवढं लिहा" म्हणायचं आणि मग त्या कागदांवर खुणा करत बसायचं. मूळ उताऱ्यातलं कोणतं विधान आलं हा पहिला रकाना, कोणतं गळलं हा दुसरा, आणि उताऱ्यात नव्हतंच पण माणसानं बेधडक लिहून टाकलं ते तिसऱ्या रकान्यात. शेकडो कागद तपासले. पहिले दोन रकाने भरताना हात आपोआप चालायचा. तिसऱ्यापाशी मात्र दर वेळी थबकायला व्हायचं, कारण तिथं लिहिलेलं बहुतेक वेळा चुकीचं नसायचं. उताऱ्यात फक्त पाऊस आणि घसरलेली गाडी असायची, आणि कागदावर "रस्ता ओला असल्यामुळे".

ही तपासणीची पद्धत ज्यांच्या कामातून रूढ झाली ते मानसशास्त्रज्ञ वॉल्टर किंट्श २०२३ मध्ये, नव्वदीत गेले. मराठीत त्यांच्याबद्दल काहीच वाचलं नाही, म्हणून हा खटाटोप.

जन्म १९३२ चा, रुमानियातल्या टिमिश्वाराचा. वाढले ऑस्ट्रियात, आणि तिथंच आधी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. मग अमेरिकेत जाऊन कॅन्सस विद्यापीठातून १९६० साली डॉक्टरेट. तो काळ वर्तनवादाचा. मनात काय चालतं हा प्रश्न विचारणंही जरा चावट समजलं जाई. त्यामुळे या माणसाची सुरुवात उंदरांपासून झाली: भुकेला उंदीर बक्षिसासाठी किती वेगानं पळतो वगैरे. तिथून विल्यम एस्टेस यांच्याकडे, म्हणजे शिकण्याच्या गणिती प्रतिमानांच्या (मॉडेल्सच्या) गोटात. मग शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं. १९६८ मध्ये ते बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात आले आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले.

उंदीर, शब्द, वाक्य, उतारा, आणि शेवटी विश्वकोशाएवढा मजकूर. त्यांच्या अभ्यासाचा घास असा दर दहाएक वर्षांनी मोठा होत गेलेला दिसतो. आणि गंमत म्हणजे मोजण्याची खोड उंदरांच्या काळातली, ती काही सुटली नाही.

हे का महत्त्वाचं, तर स्मृतीच्या अभ्यासात तोवर दोन घराणी होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, ते निरर्थक अक्षरगट पाठ करून. अर्थ मध्ये आला की मोजमाप बिघडतं, म्हणून अर्थच काढून टाका. दुसरीकडे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्टलेट. त्यानं लोकांना गोष्टी वाचायला देऊन पुन:पुन्हा आठवायला लावल्या आणि १९३२ मध्ये (किंट्श जन्मले त्याच वर्षी!) दाखवलं की माणूस आठवत नाही, रचतो. बार्टलेटकडे प्रश्न चांगला होता पण फूटपट्टी नव्हती, एबिंगहाउसकडे फूटपट्टी होती पण तो मोजत होता ते कुणी वाचत नाही. माझ्या मते किंट्श यांची सगळी कारकीर्द म्हणजे बार्टलेटचा प्रश्न आणि एबिंगहाउसची फूटपट्टी.

फूटपट्टी कुठली? तर 'विधान'. वाक्य नव्हे, शब्द नव्हे. "आजीनं नातीला जुनी छत्री दिली" यात दोन विधानं आहेत: आजीनं नातीला छत्री देणं, आणि छत्री जुनी असणं. १९७३ मध्ये जॅनिस कीनन यांच्याबरोबर त्यांनी जवळजवळ सारख्याच शब्दसंख्येची वाक्यं वाचायला दिली. काहींत चार विधानं, काहींत त्याच्या दुप्पट. विधानं वाढली तसा वाचायला लागणारा वेळ वाढला. म्हणजे डोळे शब्दांवरून फिरत असले तरी मन शब्द मोजत नसतं. आणि उताऱ्याच्या रचनेत जे विधान वरच्या पातळीवर, ते जास्त आठवतं.

१९७८ मध्ये ट्यून फान डाइक या डच भाषाशास्त्रज्ञाबरोबर आलेला निबंध हा या क्षेत्रातला मैलाचा दगड. थोडक्यात: वाचक मजकूर लहान लहान हप्त्यांत घेतो, प्रत्येक हप्त्यातली मोजकी विधानं हातात धरून पुढच्या हप्त्याकडे जातो आणि नव्याची जुन्याशी गाठ मारतो. गाठ बसली नाही तर मागं जाऊन शोधावं लागतं, किंवा पदरचं काही घालावं लागतं. जी विधानं अनेक हप्ते हातात राहतात ती पक्की बसतात. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की माझा तिसरा रकाना म्हणजे कचरा नव्हे, ती गाठ आहे.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, नाहीतर लोक मध्येच उठून जातील.

---

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली आहे. आता ते वाचलेलं कुठं गेलं हे विचारू नका.

---

शाईचा_डाग

छान लिहिलंयत. मी पाठ्यपुस्तकांचं संपादन करते, त्यामुळे स्वार्थी प्रश्न. "समजलं" आणि "आठवलं" यात तुमचे किंट्श फरक करतात का? कारण आमच्याकडे धड्याखालचे स्वाध्याय बघितले तर दोन्ही एकच धरलेलं असतं.

---

ओळींमधली_जागा

@शाईचा_डाग, तोच तर गाभा. १९८३ च्या पुस्तकात (पुन्हा फान डाइकबरोबर) त्यांनी वेगळं केलं ते असं. मजकूर वाचल्यावर मनात एकाहून जास्त गोष्टी उरतात. एक, नेमके शब्द; ते लवकर उडतात. दोन, मजकुरात सांगितलेल्या विधानांचं जाळं, याला ते टेक्स्टबेस म्हणतात. तीन, मजकूर ज्याबद्दल आहे त्या परिस्थितीचं वाचकानं स्वतः उभं केलेलं चित्र, म्हणजे सिच्युएशन मॉडेल. मी आपला 'प्रसंगचित्र' म्हणतो.

त्यांनीच दिलेलं उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. बाळाच्या हृदयातल्या पडद्यात दोष असेल तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे पुरेसा बाहेर टाकला जात नाही, त्यामुळे ते जांभळं दिसतं. (आपल्याकडे 'ते' म्हणजे बाळ की रक्त हा घोळ होतोच, दोन्ही नपुंसकलिंगी!) आता ही दोन वाक्यं कुणीही घोकून परत सांगेल. "ते जांभळं का दिसतं?" या प्रश्नाला "कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही म्हणून" हे उत्तर मिळेल आणि पूर्ण गुण मिळतील. पण पडदा हृदयाच्या दोन बाजू वेगळ्या ठेवतो, एका बाजूला फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त असतं, दुसरीकडे शरीरभर फिरून आलेलं, आणि पडद्याला भोक पडलं की दोन्ही मिसळतात, यातलं काहीही मजकुरात नाही. हे वाचणाऱ्यानं घरून आणायचं. आणलं तर चित्र, नाही तर नुसती विधानं.

नुसत्या विधानांना ते मजकूर लक्षात राहणं म्हणत, चित्राला मजकुरातून शिकणं. एक असून दुसरं नसू शकतं, दोन्ही बाजूंनी.

---

मावळतीकर

मी निवृत्त गणिताचा मास्तर. शाब्दिक उदाहरणांवर यांनी काही काम केलं आहे का हो? सबंध नोकरीत मला छळलेला प्रश्न आहे. पोराला वजाबाकी येते, पण वजाबाकीचं शाब्दिक उदाहरण येत नाही. आम्ही म्हणायचो, लक्ष देऊन वाच. ते लक्ष देऊनच वाचत असायचं बिचारं.

---

ओळींमधली_जागा

सर, भरपूर केलं आहे. १९८५ मध्ये जेम्स ग्रीनो यांच्याबरोबर एक प्रतिमान मांडलं आणि १९८८ मध्ये डेनिस कमिन्स, कुर्ट रॉयसर वगैरेंबरोबर मुलांवरचे प्रयोग. उदाहरण या जातीचं घ्या: राजूकडे ८ गोट्या आहेत. त्याच्याकडे टिनूपेक्षा ५ जास्त आहेत. टिनूकडे किती? पुष्कळ मुलं १३ म्हणतात.

त्यांनी काय केलं, तर मुलांकडून उदाहरण सोडवून तर घेतलंच, पण तेच उदाहरण आठवून परतही सांगायला लावलं. चुकलेल्या मुलांनी परत सांगितलेलं उदाहरण अनेकदा वेगळंच निघालं, मूळच्यापेक्षा सोपं. आणि त्या बदललेल्या उदाहरणाचं त्यांचं उत्तर बरोबर होतं! गणित चुकलेलं नव्हतं, चित्र चुकलेलं होतं. माझा तिसरा रकाना इथं पुन्हा भेटतो.

---

मावळतीकर

हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर अनेकांचे कान वाचले असते.

---

तिरकस

धागा चांगला आहे, पण आरती जरा जास्त झाली. थोडं मीठ घालतो.

एक. विधानांची यादी करतो कोण? संशोधक. हातानं. "जुनी छत्री" हे वेगळं विधान धरायचं की नाही हे आधी तुम्हीच ठरवणार, त्यावरून प्रतिमान चालवणार, आणि मग लोकांना तसंच आठवलं म्हणून टाळ्या. वाचकाचं "घरून आणलेलं" ज्ञानही प्रतिमानात तुम्हीच भरणार. मग भाकीत खरं ठरलं यात नवल काय?

दोन. वाचताना माणूस खरोखर एवढी चित्रं उभी करतो का? गेल मॅकून आणि रॉजर रॅटक्लिफ या मानसशास्त्रज्ञांनी नेमकी इथंच कुऱ्हाड घातली. त्यांचं १९८६ चं वाक्य प्रसिद्ध आहे: चित्रीकरणाची सगळी तयारी झालेली असताना अभिनेत्री अचानक चौदाव्या मजल्यावरून पडते. आपण म्हणू, वाचणाऱ्याच्या मनात "मेली" आलंच. त्यांच्या चाचणीत तो अर्थ ठळकपणे उमटलेला दिसला नाही; फार तर "काहीतरी वाईट झालं" इतपत. १९९२ मध्ये त्यांनी सरळ भूमिकाच घेतली की वाचक आपणहून किमान तेवढेच निष्कर्ष काढतो, म्हणजे लगतची वाक्यं जुळण्यापुरते आणि सहज हाताशी असलेल्या माहितीवरचे. बाकीची चित्रं नंतर कुणी विचारलं की काढली जातात.

तुमचा तिसरा रकाना वाचताना भरला की लिहिताना, हे तुमच्या कागदावरून कळत नाही, धागाकर्ते.

---

ओळींमधली_जागा

@तिरकस, शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे. आठवून लिहिलेल्या कागदावरून वेळ कळत नाही. म्हणूनच नंतर या मंडळींना मिलिसेकंदांत उतरावं लागलं. त्यातला माझा लाडका प्रयोग सांगतो.

१९८८. रॉबर्ट टिल, अर्नेस्ट म्रॉस आणि किंट्श. इंग्रजी वाक्य असं की गावात सगळ्या इमारती कोसळल्या, फक्त 'मिंट' तेवढी उभी राहिली हे पाहून लोक थक्क झाले. इंग्रजीत मिंट म्हणजे टांकसाळ आणि मिंट म्हणजे पुदिन्याची गोळीही. तो शब्द दिसल्यावर थोड्या वेळानं पडद्यावर काही अक्षरं येतात आणि हा खरा शब्द आहे की नाही एवढंच सांगायचं. मनात आधीच जागा झालेला शब्द पटकन ओळखला जातो.

शब्दानंतर लगेच विचारलं तर 'पैसे' आणि 'गोळी' दोन्ही जागे. इमारती कोसळल्यात हे वाचूनसुद्धा गोळी जागी! साधारण एक तृतीयांश सेकंद उलटला की गोळी विझते आणि पैसे राहतात. आणि 'भूकंप'? तो वाक्यात कुठेच नाही. तो एक सेकंदाच्या आसपास उगवतो.

त्याच वर्षीचं त्यांचं 'रचना आणि एकात्मीकरण' प्रतिमान याच्यावरच उभं आहे. आधी मन आंधळेपणानं सगळं उकरून काढतं, योग्य-अयोग्य न बघता. मग त्या ढिगातल्या गोष्टी एकमेकींना उचलून धरतात किंवा दाबतात, आणि संदर्भात न बसणारं आपोआप मावळतं. त्याआधीच्या बहुतेक सिद्धांतांत एक हुशार कारकून आत बसलेला असे, जो आधीच ठरवतो की कोणता अर्थ आत सोडायचा. किंट्शनी तो कारकून काढून टाकला. मला या कल्पनेचं फार कौतुक वाटतं, आरती म्हणालात तरी चालेल.

चौदाव्या मजल्याबद्दल: तुमच्या बाजूनं आहे मी. सगळे वाचक सगळी चित्रं वाचता वाचता काढत नाहीत. पण भूकंप उगवलाच ना.

पहिल्या मुद्द्याला उत्तर नाही. हातानं भरणं ही त्या प्रतिमानाची खरी लंगडी बाजू, आणि ती त्यांनाही टोचत असणार, नाहीतर साठी उलटल्यावर ते मजकुरातून आपोआप अर्थ काढणाऱ्या लँडावर यांच्या वाटेनं गेले नसते. त्याबद्दल कुणी जाणकार लिहील तर बरं.

---

दुपारची_झोप

शब्दानंतर एक तृतीयांश सेकंदात विझतो तो मीच.

---

यंत्राचा_भाऊ

जाणकार नाही, पण पोटापाण्यासाठी भाषेची यंत्रं हाताळतो, त्यामुळे लँडावर प्रकरण माझ्याकडे.

टॉमस लँडावर हे बोल्डरचेच. लँडावर आणि सुझन ड्युमे यांनी १९९७ मध्ये एक मुलांचा इंग्रजी ज्ञानकोश यंत्राला घातला: तीस हजारांवर लेख, सुमारे ४६ लाख शब्द. कोणता शब्द कोणत्या लेखात किती वेळा येतो याचा भलामोठा तक्ता, आणि तो तक्ता गणितानं पिळून सुमारे ३०० मितींत बसवला. मग परदेशी विद्यार्थ्यांसाठी असते त्या टोफेल परीक्षेतले समानार्थी शब्दांचे ८० प्रश्न त्याला विचारले. यंत्राला ६४.४ टक्के, आणि अमेरिकेत प्रवेश मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची सरासरी ६४.५. कुणीही अर्थ शिकवलेला नाही, कुणी विधानांच्या याद्या केलेल्या नाहीत. तिरकस यांच्या पहिल्या मुद्द्यावरचा उतारा हाच.

पण यात एक मोठं भोक होतं. हे तंत्र वाक्यातला शब्दांचा क्रम बघतच नाही, आणि प्रत्येक शब्दाला एकच ठरलेली जागा देतं. आपला 'गेला' घ्या. माणूस गेला, तोल गेला, रंग गेला, वीज गेली. एकाच बिंदूवर हे सगळे 'जाणे' कसे मावणार? किंट्श यांचं २००१ चं काम बरोब्बर यावर आहे. त्यांचं इंग्रजी उदाहरण घोडा आणि रंग दोघांनाही लागणाऱ्या 'रन' या क्रियापदाचं (घोडा पळतो, रंग पसरतो). क्रियापदाच्या आसपासच्या शब्दांपैकी कर्त्याशी जुळणारे तेवढे वर आणायचे, बाकीचे दाबायचे. म्हणजे वरचं १९८८ चं यंत्रच इथं जोडलं. रूपकांवरही त्यांनी हेच चालवून पाहिलं. शब्दाचा अर्थ साठवलेला नसतो, प्रत्येक वेळी संदर्भात तयार होतो, असं म्हणणारा माणूस तेव्हा सत्तरीला टेकला होता.

आज आम्ही जी अवाढव्य भाषिक प्रतिमानं वापरतो त्यांतही शब्दाचा अर्थ दर वाक्यात नव्यानं घडतो. गणित वेगळं आहे, यांचं काम पाहून ती बनली असं मुळीच म्हणत नाही. पण ते जुने निबंध वाचताना ओळखीचं कुणीतरी गर्दीत दिसल्यासारखं होतं.

---

शाईचा_डाग

मजा येतेय. पण मला माझ्या टेबलाकडे परत यायचंय. आमचं काम म्हणजे मजकूर सुटसुटीत करणं. 'तो' म्हणजे कोण ते स्पष्ट करा, 'कारण' जिथं अध्याहृत आहे तिथं लिहा, मथळे घाला. म्हणजे तुमच्या भाषेत वाचकाच्या गाठी आपणच मारून द्यायच्या. हे बरोबरच ना?

---

ओळींमधली_जागा

ताई, या प्रश्नाची वाटच बघत होतो. उत्तर: अर्धं.

१९९६. डॅनिएल मॅक्नमारा, आयलीन किंट्श (त्यांच्या पत्नी, स्वतः वाचनाच्या संशोधक), नॅन्सी साँगर आणि वॉल्टर किंट्श. माध्यमिक शाळेतल्या मुलांना हृदयविकारावरचा मजकूर दिला, वेगवेगळ्या रूपांत. एका टोकाला तुम्ही करता तसा, सगळ्या गाठी मारलेला. दुसऱ्या टोकाला गाठी सुटलेला, वाचकानं जोडून घ्यायचा.

ज्यांना विषयाची माहिती कमी होती त्यांना गाठी मारलेला मजकूर सरळ फायद्याचा ठरला. पण ज्यांना आधीच बरीच माहिती होती ती मुलं गाठी सुटलेल्या मजकुरातून जास्त शिकली! म्हणजे निष्कर्ष काढावा लागेल किंवा नव्या प्रश्नाला माहिती लावावी लागेल अशा प्रश्नांत ती पुढे गेली. नुसतं आठवून सांगण्यात हा उलटा परिणाम दिसत नाही. जाणत्या वाचकाला सगळं चावून दिलं की तो आपलं ज्ञान बाहेरच काढत नाही, वरवर वाचून "समजलं" म्हणून पुढे जातो.

माझ्या लेखी हा त्यांचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत गैरवापर झालेला निष्कर्ष. लोक याचा अर्थ "अवघड लिहा, मुलं शिकतील" असा लावतात. तो साफ चुकीचा आहे. ज्याच्याकडे गाठ मारायला दोराच नाही त्याला सुटा मजकूर दिला तर तो फक्त गोंधळतो. आणि एकाच वर्गात दोन्ही मुलं बसलेली असतात, ही अडचण प्रयोगानं सुटलेली नाही.

---

शाईचा_डाग

हं. आणि मी एकच धडा छापते.

---

पहिलाच_पाऊस

दादा, मी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाचन आणि स्मृती यातच पुढे जायचं डोक्यात आहे. पण हे काम रोजचं कसं असतं? तुम्ही उंदरांपासून विश्वकोशापर्यंत लिहिलंत ते वाचायला भारी वाटतं, पण मंगळवारी दुपारी तीन वाजता हा माणूस काय करत असेल? आणि कार्यस्मृतीचं (काम करताना तात्पुरतं मनात धरून ठेवण्याची क्षमता) काय, ती यात कुठं बसते? आम्हाला ती वेगळ्याच प्रकरणात शिकवली.

---

ओळींमधली_जागा

@पहिलाच_पाऊस, मंगळवारी तीन वाजता बहुधा वाक्यं तयार करत असेल. हे कुणी आधी सांगत नाही. वर 'मिंट'चं वाक्य आहे ना, तशी भरपूर वाक्यं लागतात. प्रत्येकात दुहेरी अर्थाचा शब्द, तोही शेवटी, दोन्ही अर्थ पुरेसे परिचित, आणि भूकंपासारखा न सांगितलेला विषय. चाचणीचे शब्द लांबीनं आणि वापरानं सारखे हवेत. मी असल्या साठ वाक्यांवर दीड महिना घालवला आहे आणि पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, त्यातली एकवीस फेकली. त्यानंतर कागद तपासणं; दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं आणि किती जुळतं ते मोजायचं. माझं आणि माझ्या जोडीदारणीचं "रस्ता ओला" वरून कडाक्याचं भांडण झालं होतं: पाऊस पडला असं उताऱ्यात आहे, म्हणजे हे पहिल्या रकान्यात की तिसऱ्यात? मग संख्याशास्त्र, मग लिहिणं, मग परीक्षकांची पत्रं. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग आत्ताच हात धुऊन शिकून घे. ज्या भाषेतल्या वाचनावर काम करायचं त्या भाषेचं व्याकरणही. अनेकजण ते टाळतात आणि मग त्यांची वाक्यं बघवत नाहीत.

कार्यस्मृतीचं बरोबर विचारलंस. वेगळं प्रकरण मुळीच नाही. १९८० मध्ये मेरेडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कारपेंटर यांनी वाचनासाठीची खास चाचणी काढली: वाक्यं मोठ्यानं वाचत जायचं आणि शेवटी प्रत्येक वाक्याचा अखेरचा शब्द सांगायचा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मजल साधारण दोन ते पाच वाक्यांपर्यंत जाते. आता कोडं असं की हातात एवढंच मावत असेल तर माणूस चारशे पानांची कादंबरी कशी वाचतो?

मरे ग्लँझर आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात वाचकांना एका वाक्यानंतर दुसरंच असंबद्ध वाक्य, मग पुन्हा मूळ मजकूर असं तोडून तोडून वाचायला लावलं. हातात धरलेलं सगळं सांडायला हवं होतं. तर आकलन शाबूत! फक्त मजकुरावर परतताना पहिल्या वाक्याला जास्तीत जास्त ३५० मिलिसेकंद जादा लागले.

यावर किंट्श आणि अँडर्स एरिक्सन यांचा १९९५ चा निबंध आहे. एरिक्सन आधी कार्नेगी मेलनमध्ये होते. तिथं त्यांनी आणि विल्यम चेसनी एका विद्यार्थ्याकडून आकडे पाठ करून घेतले. सुरुवातीला तो सात आकडे सांगे, २३० तासांहून जास्त सरावानंतर ७९. तो धावपटू होता, आकड्यांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून लावायचा. अक्षरं दिली की पुन्हा सहावर! त्याची हातातली जागा वाढली नव्हती, त्यानं दीर्घकालीन स्मृतीतच खुंट्या ठोकल्या होत्या. निबंधाचा दावा असा की सराईत वाचक तसाच निष्णात असतो. मजकूर वाचता वाचता तो प्रसंगचित्रात टांगत जातो, आणि वाक्यातला एक शब्द पुरतो त्या खुंटीपर्यंत परत जायला. अपरिचित विषय आला की खुंट्याच नसतात आणि आपण पुन्हा दोन ते पाचवर येतो.

---

तिरकस

हे पटलं. आणि वेगवाचनाच्या वर्गांची जाहिरात करणाऱ्यांना दाखवायला हवं. डोळे पळवून खुंट्या ठोकल्या जात नाहीत.

अवांतर: "रस्ता ओला" शेवटी कुठल्या रकान्यात गेला?

---

चष्मिष्ट

मीही तेच विचारणार होतो. इतका वेळ वाचलं त्यातलं तेवढंच नीट लक्षात आहे.

---

ओळींमधली_जागा

तिसऱ्या. जोडीदारीण जिंकली. तिचं म्हणणं, पाऊस पडल्याचं लिहिलंय, रस्ता ओला झाल्याचं लिहिलेलं नाही. मी मूळ उतारा पुन्हा काढून बघितला तर खरंच नव्हतं. त्या आधीच्या अठ्ठेचाळीस कागदांवर मी ते पहिल्या रकान्यात टाकलं होतं, सगळे परत तपासावे लागले.

---

शाईचा_डाग

सांगायला आले: काल एका धड्यातून दोन 'कारण' आणि एक 'त्यामुळे' काढलं, फक्त शेवटच्या परिच्छेदातून, कारण तिथवर येणाऱ्याला आधीची माहिती झालेली असते. लेखकांचा लगेच फोन, "छपाईत शब्द गळलेत."